पेटी कुणाकडे, किल्ली कुणाकडे

१९५०च्या नोव्हेंबरातला शेवटचा आठवडा. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवर बोचरी थंडी पडली आहे. एका घराच्या अंगणात लाकडी आधारांवर एक मोठी काच आडवी ठेवली आहे आणि जॅक्सन पोलॉक हा चित्रकार तिच्यावर वरून रंग ओततोय, ठिबकवतोय. काचेखाली गारठलेल्या जमिनीवर हान्स नामुथ हा छायाचित्रकार उताणा पडलाय. त्याच्या हातातला कॅमेरा थेट वर रोखलेला आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरायचा आणि त्याच्याभोवती फिरत चित्र काढायचा. कॅमेरा समोर ठेवला तर माणूस दिसे, चित्र दिसत नसे. कॅमेरा उंचावर नेला तर चित्र दिसे, पण माणसाचा फक्त माथा. नामुथला दोन्ही एकाच चौकटीत हवं होतं, म्हणून काच. आणि हे सगळं अंगणात का, तर आतल्या स्टुडिओत चित्रण करायचं तर दिवे लागले असते आणि दिव्यांसाठी पैसे नव्हते. काचेवरचा पहिला प्रयत्न पोलॉकच्या मनासारखा उतरला नाही. आपला चित्राशी संपर्कच तुटला, असं वाटून त्यानं तो पुसून टाकला आणि नव्यानं सुरुवात केली. माहितीपटात हे तो स्वतःच्या आवाजात सांगतो.

चित्रण संपलं त्या दिवशी पोलॉक घरात आला आणि त्यानं व्हिस्कीचा ग्लास भरला. त्याआधी दोन वर्षं तो दारूपासून लांब होता. त्या रात्री जेवायला पाहुणे होते. वाढलेलं टेबल त्यानं उलथून टाकलं. पुढं १९५६ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, पिऊन गाडी चालवताना झालेल्या अपघातात तो गेला.

याचं खापर कॅमेऱ्यावर फोडणं बरोबर होणार नाही. माणूस एका दुपारीत कोसळत नाही. पण जे काम एकांतात, अंगात आल्यासारखं व्हायचं, ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून थांबवायचं आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू करायचं, याचा त्याच्या मनावर काहीच ओरखडा उठला नसेल असंही मला वाटत नाही. नामुथचा तो जेमतेम दहा मिनिटांचा रंगीत माहितीपट १९५१ मध्ये लोकांसमोर आला. आज पोलॉक म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढं चित्राभोवती नाचल्यासारखा फिरणारा जो माणूस येतो, तो नामुथच्या छायाचित्रांतून आणि या दहा मिनिटांतून आलेला आहे.

अमेरिकेतल्या कलावंतांवर, लेखकांवर, गायकांवर गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत असंख्य माहितीपट निघाले. घरबसल्या त्यांतले बरेचसे आता आपल्यालाही पाहता येतात. आपण ते पाहतो आणि म्हणतो, ‘चला, तो माणूस कळला.’ हे कळणं कसं घडवलं जातं, ते उलगडून सांगायचा हा प्रयत्न आहे.

व्यक्तिचित्र हा प्रकार मराठी वाचकाला पुस्तकांतून चांगला ओळखीचा आहे. शेजारच्या आजोबांवर, शाळेतल्या मास्तरांवर कुणी लिहिलेलं वाचताना आपण मनात धरूनच चालतो की हे एका माणसानं दुसऱ्या माणसाबद्दल लिहिलंय. लिहिणाऱ्याचं प्रेम, राग, जुनं देणंघेणं त्यात असणारच. माहितीपट पाहताना मात्र हे भान सुटतं. चरित्रपटात निदान नट असतो. हा खरा माणूस नव्हे, हे आपल्याला ठाऊक असतं. माहितीपटात खरा चेहरा, खरा आवाज, खरं घर दिसतं. मग ते दाखवणारा कुणीतरी आहे आणि तो कुठंतरी उभा आहे, हे आपण विसरून जातो.

कॅमेरा खांद्यावर आला

१९६० पर्यंत माहितीपट म्हणजे बहुधा असं असायचं : पडद्यावर दृश्यं आणि त्यांच्यावर एका भारदस्त आवाजातलं निवेदन. याचं कारण यंत्रात होतं. आवाजासह चित्रण करणारा कॅमेरा इतका जड असे की त्याला तिकाटण्यावर बसवावं लागे. ध्वनिमुद्रणाचं यंत्र वेगळं, तेही अवजड, आणि दोन्हींचा मेळ राहावा म्हणून मध्ये वायर. अशा लवाजम्यापुढं कोण मोकळेपणानं वागणार? लोक ताठ बसत आणि पाठ केल्यासारखं बोलत.

‘लाइफ’ या मासिकात काम केलेल्या रॉबर्ट ड्रू या पत्रकारानं रिचर्ड लीकॉक, डी. ए. पेनेबेकर, अल्बर्ट मेझल्स अशी मंडळी जमवली आणि खांद्यावर घेता येईल असा १६ मिलिमीटरचा कॅमेरा व त्याच्याबरोबर चालेल असा हलका रेकॉर्डर यांची जोडी जमवायच्या मागं ते लागले. १९६० साली विस्कॉन्सिन राज्यात जॉन केनेडी आणि ह्युबर्ट हम्फ्री यांच्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीची लढत झाली. ही मंडळी दोघांच्या मागोमाग फिरली. त्या माहितीपटात एक दृश्य आहे. केनेडी दाटीवाटीच्या सभागृहात शिरतात, हात मिळवत पुढं सरकतात आणि कॅमेरा त्यांच्या डोक्याच्या मागून, गर्दीतून वाट काढत, थेट मंचापर्यंत जातो. आज मोबाइल असलेला कुणीही असं चित्रण करील. तेव्हा मात्र पाहणाऱ्यांना आपण स्वतःच त्या गर्दीत ढकलले गेलोय असं वाटलं असणार.

या पद्धतीला ‘डायरेक्ट सिनेमा’ म्हणतात. तिचे दंडक कडक होते. मुलाखत घ्यायची नाही. एखादी गोष्ट ‘पुन्हा करून दाखवा’ म्हणायचं नाही. निवेदन शक्यतो टाळायचं. समोर जे घडेल ते टिपायचं आणि आपण तिथं नाहीच असं वागायचं.

आता बॉब डिलन या अमेरिकन गायक-गीतकाराकडं वळू. हा प्रकार नीट समजून घ्यायला त्याच्याइतका चांगला माणूस मला दुसरा दिसत नाही. १९६५च्या वसंतात २३ वर्षांचा डिलन इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पेनेबेकर खांद्यावर कॅमेरा घेऊन त्याच्याबरोबर होता. १९६७ साली ‘डोन्ट लुक बॅक’ आला : कृष्णधवल, दाणेदार, हॉटेलच्या खोल्या, टॅक्सी, रंगमंचामागचे बोळ. डिलन पत्रकारांना टोचून बोलतो, टाइपरायटर बडवतो, कुणावर तरी भडकतो. दंडकांप्रमाणं बघितलं तर हा अस्सल माल.

पण सुरुवात पाहा. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलशेजारचा एक बोळ आहे. डिलन गाण्यातले शब्द लिहिलेले मोठे कागद हातात धरून उभा आहे आणि गाणं पुढं सरकेल तसा एकेक कागद खाली टाकतोय. कोपऱ्यात ॲलन गिन्सबर्ग हा कवी कुणाशी तरी बोलत उभा आहे. हे दृश्य आपोआप घडलेलं नाही. ते बेतलेलं आहे आणि ती कल्पना खुद्द डिलनची. म्हणजे ‘आम्ही फक्त बघतो’ म्हणणाऱ्या पंथाच्या सर्वांत गाजलेल्या माहितीपटाचं सर्वांत गाजलेलं दृश्य ठरवून केलेलं आहे. हे कळल्यावर उरलेला माहितीपट खोटा ठरतो का? मला नाही वाटत. उलट तो जास्त चांगला कळतो. कॅमेरा आहे हे डिलनला प्रत्येक क्षणी ठाऊक आहे. पत्रकारांसमोरचा त्याचा तुसडेपणाही थोडा खरा आणि थोडा कॅमेऱ्यासाठी आहे. आणि कॅमेऱ्यासमोर वेगळाच कुणीतरी होऊन दाखवणं हा त्या माणसाचा स्वभावच आहे.

२००५ साली मार्टिन स्कॉर्सेसीनं ‘नो डिरेक्शन होम’ केला. साडेतीन तासांचा हा माहितीपट डिलनच्या सुरुवातीच्या वर्षांपासून १९६६च्या मोटारसायकल अपघातापर्यंतचा काळ सांगतो. यात साठीतला डिलन निवांत बसून, बऱ्यापैकी सरळ उत्तरं देत बोलतो. बघताना वाटतं, एवढा मोठा दिग्दर्शक समोर बसला म्हणून हा खुलला. तर तसं नाही. ती मुलाखत डिलनचा व्यवस्थापक जेफ रोझन यानं आधीच घेऊन ठेवली होती. स्कॉर्सेसीकडं आली ती तयार चित्रफीत, आणि तिच्याबरोबर पेनेबेकरनं साठच्या दशकात केलेलं जुनं चित्रण. स्कॉर्सेसीनं जे केलं ते रचनेचं काम, आणि ते थोर आहे. पण डिलन मोकळा बोलला तो आपल्याच माणसासमोर, आपल्याच माणसाच्या प्रश्नांना.

पुढं २०१९ मध्ये याच जोडीचा आणखी एक माहितीपट आला, १९७५च्या एका भटक्या दौऱ्यावरचा. यात जुन्या खऱ्या चित्रणाच्या मध्ये काही माणसं अशी येतात की जी कधी नव्हतीच. दौऱ्याचं चित्रण केलं म्हणून सांगणारा दिग्दर्शक हा एक नट आहे. शॅरन स्टोन ही खरी अभिनेत्री येऊन न घडलेली आठवण सांगते. माहितीपट चालू असताना हे कुठंही उघड केलेलं नाही. काही जण यावर चिडले आणि ते मी समजू शकतो. मलाही हे खटकलं, कारण माहितीपट या शब्दात प्रेक्षकाला दिलेलं एक वचन असतं. तरी तिन्ही माहितीपट ओळीनं पाहिले तर एका माणसाची तीन अंतरांवरून काढलेली तीन चित्रं मिळतात : एक खांद्याला खांदा लावून, एक घरच्या माणसाच्या मध्यस्थीनं आणि एक त्याच्या खेळात सामील होऊन.

कात्रीचा हात

एका तासाच्या माहितीपटासाठी कित्येक तासांचं चित्रण झालेलं असतं. त्यातलं काय ठेवायचं, कशाच्या शेजारी काय जोडायचं, हे संकलक ठरवतो. माणूस दिलदार दिसेल की विक्षिप्त, हे पुष्कळदा तिथं ठरतं.

शार्लट झ्वेरिन हे नाव आपल्याकडं फारसं कुणी ऐकलेलं नाही, पण ऐकायला हवं. मेझल्स बंधूंच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या माहितीपटांच्या त्या संकलक होत्या. कच्च्या चित्रणातून गोष्ट त्यांनीच उभी केली म्हणून ‘सेल्समन’ आणि ‘गिम्मी शेल्टर’ या माहितीपटांवर सहदिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव आहे. संकलकाला असा मान त्या काळी सहसा मिळत नसे.

१९८८ साली त्यांनी थेलोनियस मंक या जॅझ पियानोवादकावर ‘स्ट्रेट, नो चेसर’ केला. मंक १९८२ मध्येच वारला होता. पण १९६७-६८ मध्ये मायकल आणि ख्रिश्चन ब्लॅकवुड या भावांनी पश्चिम जर्मनीच्या टेलिव्हिजनसाठी महिनोन् महिने त्याच्या मागं फिरून सुमारे १४ तासांचं चित्रण केलं होतं. ते पडून होतं. जॅझवेडा नट-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूड निर्माता म्हणून पाठीशी राहिला आणि झ्वेरिनबाईंनी त्या साठ्यातून मंकला पुन्हा उभं केलं.

मंक मंचावर पियानो सोडून उठायचा आणि स्वतःभोवती गोल गोल फिरायचा. गर्दीत, विमानतळावरही तो असाच गिरक्या घेताना दिसतो. वेगळ्या कात्रीनं यातून ‘बघा, वेडा कलावंत’ अशी गंमत केली असती. आणि मंकला खरोखरच मानसिक आजारानं ग्रासलं होतं, हेही माहितीपट लपवत नाही. पण झ्वेरिनबाई वादनाला पुरेसा वेळ देतात. बोटं कशी पडतात, दोन सुरांमध्ये तो किती थांबतो, हे आपण आधी पाहतो. मग ती गिरकीही त्याच लयीचा भाग वाटू लागते. मला हा माहितीपट सगळ्या प्रकारात फार जवळचा आहे. माणसाकडं किती वेळ टक लावून पाहावं आणि कधी नजर वळवावी, याचं भान त्यात आहे.

जिवंत चित्रणच नसेल तर? केन बर्न्स या दिग्दर्शकानं स्थिर छायाचित्रावर कॅमेरा हळूहळू सरकवत नेण्याची रीत इतकी लोकप्रिय केली की ॲपल कंपनीनं आपल्या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या करामतीला त्याचंच नाव दिलं. लग्नाच्या फोटोंचा व्हिडिओ बनवताना आपल्यापैकी अनेकांनी ती वापरलेली असेल.

पेटी आणि किल्ली

आता मुख्य गोष्टीकडं येतो, कारण ती पडद्यावर दिसत नाही.

अमेरिकेत सार्वजनिक जीवनातल्या माणसावर माहितीपट काढायला त्याची किंवा त्याच्या कुटुंबाची परवानगी कायद्यानं घ्यावी लागत नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण तिथं भक्कम आहे. पण परवानगीशिवाय तुमच्या हाती काय लागतं? गायकावर माहितीपट करायचा आणि त्यात गाणं नाही, असं कसं चालेल? गाण्याचे हक्क एकाकडं, छायाचित्रांचे दुसऱ्याकडं, जुन्या टेलिव्हिजन मुलाखतीचे एखाद्या वाहिनीकडं. पत्रं आणि रोजनिश्या तर वारसांच्या कपाटातच. माणूस गेल्यावर साधारणपणे ७० वर्षं त्याच्या लिखाणाचा हक्क वारसांकडं राहतो. म्हणजे माहितीपट काढायचा हक्क सगळ्यांना, पण पेटीची किल्ली एकाच घरात.

यातून एक वाट आहे. १९७६च्या कॉपीराइट कायद्यात ‘फेअर यूज’, म्हणजे रास्त वापराची तरतूद आहे. टीका, भाष्य, अभ्यास यांसाठी दुसऱ्याच्या कामाचा थोडा भाग विनापरवाना वापरता येतो. तो रास्त की नाही हे ठरवताना न्यायालय चार गोष्टी पाहतं : वापर कशासाठी झाला, मूळ काम कोणत्या स्वरूपाचं आहे, त्यातलं किती घेतलं आणि त्यामुळं मूळ कामाच्या कमाईला धक्का बसतो का. कागदावर हे ठीक दिसतं. पण वाहिन्या माहितीपट घेताना विमा मागतात आणि विमा कंपन्या धोका नको म्हणून प्रत्येक तुकड्याची परवानगी मागायच्या. २००५ साली माहितीपटकारांच्या संघटनांनी एकत्र येऊन रास्त वापराचे आपले संकेत लेखी जाहीर केले. त्यानंतर विमा कंपन्या बऱ्याच नरमल्या. तरी अख्खं गाणं हवं असेल, तर वारसांच्या दारात उभं राहावंच लागतं.

दार उघडलं तर काय होतं, त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण जेम्स बाल्डविन या लेखकावरचं आहे. बाल्डविन १९८७ साली वारले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मेडगर एव्हर्स, माल्कम एक्स आणि मार्टिन लुथर किंग या तीन मित्रांवर, तिघांच्याही हत्येवर, त्यांना पुस्तक लिहायचं होतं. ते सुमारे तीस पानांच्या टिपणांपुढं गेलं नाही. हैतीत जन्मलेले दिग्दर्शक राउल पेक यांना बाल्डविनच्या बहिणीनं सगळा साठा खुला केला आणि ती तीस पानंही दिली. पेक यांनी जवळपास दहा वर्षं त्यावर घालवली. २०१६ साली ‘आय ॲम नॉट युअर निग्रो’ आला. त्यात कुणी तज्ज्ञ येऊन बाल्डविनचं मोठेपण सांगत नाही. निवेदनातले सगळे शब्द बाल्डविनचेच आहेत आणि सॅम्युएल एल. जॅक्सन यांनी ते आवाज खाली उतरवून, अगदी आतल्या आत बोलल्यासारखे वाचले आहेत.

घरच्यांनी मदत केली की माहितीपट गुळमुळीत होतो, असा एक समज आहे. तो दरवेळी खरा नसतो. गायिका नीना सिमोन यांच्यावरच्या २०१५च्या माहितीपटात त्यांची मुलगी लिसा हिचं नाव निर्मात्यांमध्ये आहे. वडील आईला मारायचे आणि पुढं आई आपल्याला मारायची, हे तीच मुलगी कॅमेऱ्यासमोर सांगते. अशी उघडी जखम बाहेरच्या माणसाला सापडली नसती.

याच्या उलट, किल्ली स्वतः नायकाकडंच असली तर? बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन १९९७-९८च्या हंगामात शिकागो बुल्सकडून खेळत असताना एका पथकानं संघासोबत राहून ५०० तासांहून जास्त चित्रण केलं. जॉर्डनच्या संमतीशिवाय ते वापरायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. ते सुमारे दोन दशकं बंद राहिलं. २०२० साली त्यातून दहा भागांची मालिका आली, आणि जॉर्डनची कंपनी निर्मितीत भागीदार होती. केन बर्न्सनं यावर जाहीरपणे नाराजी दाखवली. ज्याच्यावर माहितीपट तोच निर्मितीत असेल, तर नकोशा गोष्टी गळणारच, असं त्याचं म्हणणं होतं. मालिका रंगतदार आहे, मीही एका दमात पाहिली. पण बर्न्सचं म्हणणं मला पटतं.

आणि दार बंद झालं की काय होतं, हे प्रिन्स या गायकाच्या बाबतीत दिसलं. प्रिन्स एप्रिल २०१६ मध्ये मृत्युपत्र न करताच वारला. एझ्रा एडेलमन या ऑस्कर मिळवलेल्या दिग्दर्शकानं नेटफ्लिक्ससाठी त्याच्यावर सुमारे नऊ तासांचा माहितीपट केला आणि त्यात जवळपास पाच वर्षं घातली. तो पाहायला मिळालेल्या मोजक्या लोकांनी त्याची तोंड भरून स्तुती केली. प्रिन्सची मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी मात्र हरकत घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालं की तो प्रदर्शित होणार नाही. नऊ तासांचं तयार काम आहे आणि ते पाहायचा मार्ग नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणूनच शेवटची नामावली सुरू झाली की उठू नये. निर्मात्यांच्या यादीत मुलगी, पत्नी, व्यवस्थापक किंवा खुद्द नायकाची कंपनी आहे का, ते वाचावं. पैसा कुठून आला तेही पाहावं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहिनीतून १९८६ साली सुझन लेसी यांनी ‘अमेरिकन मास्टर्स’ ही मालिका सुरू केली. कलावंतांच्या माहितीपटांना हक्काचं घर मिळालं ते तिथं. डिलनवरचा साडेतीन तासांचा माहितीपट अमेरिकेत याच मालिकेत दाखवला गेला. अशा सार्वजनिक प्रसारणाला मिळणारी सुमारे १.१ अब्ज डॉलरची सरकारी मदत जुलै २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं काढून घेतली. वारसांच्या किंवा ताऱ्यांच्या पैशावर न चालणाऱ्या माहितीपटांची वाट त्यामुळं आणखी अरुंद झाली आहे.

गेलेल्या माणसाचा आवाज

पेटीत नसलेली वस्तूही आता तयार करता येते. खाण्यावर आणि भटकंतीवर लिहिणारे, कार्यक्रम करणारे अँथनी बोर्डेन यांनी २०१८ मध्ये आयुष्य संपवलं. २०२१ साली मॉर्गन नेव्हिल यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. त्यातली काही वाक्यं बोर्डेन यांनी लिहिलेली होती, पण कधीच ध्वनिमुद्रित झाली नव्हती. ती कृत्रिम बुद्धिमत्तेनं त्यांच्या आवाजात बोलवून घेतली. माहितीपटात हे सांगितलेलं नव्हतं. दिग्दर्शकाच्या मुलाखतीतून ते बाहेर आलं आणि गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी अँडी वॉरहॉल या चित्रकाराच्या रोजनिशीवरच्या मालिकेतही हेच तंत्र वापरलं गेलं. तिथं मात्र वॉरहॉल यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेची परवानगी होती आणि प्रेक्षकाला आधीच सांगितलेलं होतं. तंत्र एकच, पण दुसऱ्या ठिकाणी प्रेक्षकाला अंधारात ठेवलेलं नाही. हा फरक फार मोठा आहे.

मुलानं शोधलेला बाप

शेवटी ज्या माहितीपटामुळं मी या प्रकाराकडं वळलो त्याबद्दल. लुई कान हे विसाव्या शतकातले थोर अमेरिकन वास्तुरचनाकार. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकारानं ते गेले. पासपोर्टवरचा पत्ता त्यांनी खोडून टाकला होता. त्यामुळं मृतदेह दोन-तीन दिवस शवागारात ओळखीविना पडून राहिला. वर्तमानपत्रात आलेल्या मृत्युलेखात पत्नी आणि एका मुलीचा उल्लेख होता. लग्नाबाहेरची आणखी दोन नाती होती, आणखी दोन मुलं होती. त्यांतला धाकटा नॅथॅनिएल तेव्हा अकरा वर्षांचा. मृत्युलेखात तो कुठंच नव्हता.

मोठेपणी तो कॅमेरा घेऊन बापाला शोधायला निघाला. २००३ चा ‘माय आर्किटेक्ट’ तिथून सुरू होतो. इथं पेटीही नाही आणि किल्लीही नाही. आठवड्यातून कधीतरी रात्री येऊन जाणारा एक माणूस आणि त्यानं मागं ठेवलेल्या इमारती, एवढंच हाताशी आहे. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेच्या त्या जगप्रसिद्ध, गंभीर चौकात नॅथॅनिएल चाकाचे बूट घालून एकटाच गिरक्या घेतो. बापाच्या अंगणात खेळायचं राहून गेलेलं पोर तिथं दिसतं. त्या दृश्यात तो एक शब्दही बोलत नाही.

या शोधात तो अहमदाबादला येतो, कारण तिथल्या भारतीय प्रबंध संस्थेची (आयआयएमची) विटांची कमानदार वास्तू कान यांची. त्यांना तिथं आणणारे बाळकृष्ण दोशी मूळचे पुण्याचे. जन्म १९२७, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, आणि २०१८ साली वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय. ते नॅथॅनिएलशी कान यांच्याबद्दल बोलतात, तेव्हा गुरूबद्दल बोलावं तसा त्यांचा सूर लागतो. कान गेल्यावर त्या परिसराचं उरलेलं काम पुढं नेलं ते अनंत राजे यांनी. तेही जे. जे. चेच विद्यार्थी, आणि फिलाडेल्फियाला कान यांच्या कार्यालयात काम करून आलेले. अहमदाबादला गेलात तर त्या कमानींखाली थोडा वेळ उभे राहा.

शेवट ढाक्यात होतो. तिथलं संसद भवन हे कान यांचं सर्वांत मोठं काम. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८२ साली ते वापरात आलं. इमारतीच्या आत, वरून झिरपणाऱ्या उजेडात, शमसुल वारेस हे बांगलादेशी वास्तुरचनाकार नॅथॅनिएलशी बोलत उभे आहेत. या वास्तूला माहितीपटात किती वेळ देणार, असा विषय निघतो. फार तर दहा मिनिटं, असं नॅथॅनिएल सांगतो. वारेस चमकतात. एवढ्या मोठ्या गोष्टीला दहा मिनिटं कशी पुरतील, असं ते कळवळून विचारतात. मग या गरीब देशासाठी कान यांनी काय केलं, हे सांगता सांगता त्यांचे डोळे भरून येतात. ते म्हणतात की सगळ्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाला जवळच्यांकडं बघायचं राहून जातं. नॅथॅनिएल ऐकत राहतो.

दहा मिनिटांवरची ती हरकत त्यानं कापली नाही. ती माहितीपटात तशीच आहे.